धूळपेरणी

फुटबॉलच्या संघाला इंग्लंडात ज्याला मॅनेजर म्हणतात, त्याला आपल्याकडे मुख्य प्रशिक्षक म्हणण्याची चाल आहे. मला स्वतःला मॅनेजर हाच शब्द अधिक जवळचा वाटतो. जुन्या नाटकमंडळ्यांतून मॅनेजर नावाचा एक गृहस्थ असे. पडदा उघडेपर्यंत सगळे काही त्याच्या हाती, आणि पडदा उघडला की त्याच्या हाती काहीच नाही. विंगेत उभे राहायचे आणि नटाला पुढचे वाक्य आठवते की नाही या चिंतेत उपरण्याचे टोक चावायचे! फुटबॉलच्या मॅनेजरची विंग तर नियमाने आखून दिलेली असते. बाकाच्या दोन्ही अंगांना एकेक मीटर, आणि पुढे मैदानाच्या कडेच्या रेषेपासून एक मीटर अलीकडे, एवढाच त्याचा मुलूख. त्या चौकोनात तो हात करतो, ओरडतो, क्वचित गुडघ्यावर बसतो. पण पलीकडे चेंडू ज्याच्या पायाशी आहे त्याला त्यातले किती ऐकू जाते, देव जाणे.

असा हा रेषेबाहेरचा मनुष्य. आणि त्याच्याहीपलीकडे, पार बाहेर, आणखी एक मनुष्य असतो. तो म्हणजे मी. मी मुंबई सिटी या क्लबाचा पाठीराखा आहे आणि राहायला आहे बीड जिल्ह्यातील शिरूर कासार येथे. शिरूर म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे पुण्याकडचे घोडनदीचे शिरूर उभे राहते. आमचे शिरूर ते नव्हे, हे सिंदफणेच्या काठचे. इथे कुस्ती आहे, कबड्डी आहे, क्रिकेट तर गल्लोगल्ली आहे. फुटबॉल मात्र नाही म्हटले तरी चालेल. नोकरीची बरीच वर्षे मी अंधेरीला काढली आणि तिथल्या क्रीडासंकुलात जेमतेम सात हजार माणसांच्या मैदानावर आकाशी निळ्या सदऱ्यांचा नाद लावून घेतला. २०२० मध्ये महासाथीच्या दिवसांत गावी आलो तो इथलाच झालो. नाद मात्र सुटला नाही. तेव्हा आता मी आमच्या ओसरीवर बसून, शेजारच्या बप्पांच्या नातवाच्या मोबाईलवर, शेकडो किलोमीटरांवरच्या एका परदेशी गृहस्थाच्या अकलेविषयी शंका घेत असतो.

शंका घेणे हा पाठीराख्याचा धर्मच आहे म्हणा ना. पण मला या शंकेविषयीच अलीकडे थोडे कुतूहल वाटू लागले आहे. जिंकणाऱ्या मॅनेजरविषयी शंका का वाटते? हरणाऱ्याविषयी वाटते ती नेमकी कशाबद्दल असते? आणि ज्याला ना चेंडू लाथाडायचा आहे ना गडी निवडायचे आहेत, त्याने ती घ्यावीच कशाला?

मुंबई सिटी क्लब २०१४ साली निघाला. घरच्या मैदानावरचा त्याचा पहिला सामना नेरूळला झाला आणि त्यात पुण्याच्या संघाला पाच गोलांनी धुतले, तेव्हा असे वाटले होते की आता सुखाचे दिवस आले. ते तितक्या लवकर आले नाहीत. मध्यंतरी आनेल्का आला, फोर्लान आला. ही नावे मोठी, पण करंडक काही घरात आला नाही. पुढे होर्हे कोस्टा नावाचे पोर्तुगीज गृहस्थ मॅनेजर झाले. मागे घट्ट उभे राहावे, समोरच्याला यायला वाट द्यावी आणि चेंडू हाती लागला की वाऱ्यासारखे पुढे धावावे, असा त्यांचा साधा शेतकरी हिशेब होता. तो काही वाईट नव्हता. परंतु ९ मार्च २०१९ रोजी उपान्त्य सामन्यासाठी गोव्याचा संघ अंधेरीला आला आणि आमच्याच अंगणात आम्हांला ५-१ असे हरवून गेला. गोव्याचे मॅनेजर होते सर्जिओ लोबेरा, बार्सिलोनाच्या तालमीत वाढलेले. चेंडू या पायाकडून त्या पायाकडे असा फिरत होता की जात्यावर बसलेल्या बाईचा हात फिरावा. त्या रात्री मैदानाबाहेर पडणाऱ्या आकाशी निळ्या गर्दीत एकच चर्चा होती: आपला मॅनेजर भित्रा, असा खेळ आपण कधी खेळणार?

गंमत अशी की त्यानंतर आठच दिवसांनी, १७ मार्चला, याच मैदानावर अंतिम सामना झाला आणि त्यात हाच सुंदर खेळणारा गोव्याचा संघ बेंगळुरूकडून हरला. जादा वेळ संपायला थोडी मिनिटे उरली असताना एका कोपऱ्याच्या किकवर राहुल भेके नावाच्या मुंबईच्याच मुलाने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. शंभर सुरेख पासांवर एका डोक्याने पाणी! आणि पुढच्या हंगामात, जानेवारी २०२० च्या अखेरीस, संघ गुणतक्त्यात पहिला असताना, साखळीचे तीनच सामने उरले असताना, गोव्याने लोबेरांना निरोप दिला. पहिल्या नंबरावर असलेल्या मनुष्याविषयीही शंका घेणारे लोक असतात, आणि त्यांतल्या काहींच्या हाती ती अमलात आणण्याचा अधिकारही असतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरात लोबेरा मुंबईत आले. जाहू, फॉल, बुमू, मंदार राव देसाई असे गोव्यातले आपले जुने गडीही त्यांनी बरोबर आणले. मनासारखे झाले म्हणावे, तर सामने सुरू झाल्यावर पाठीराख्यांच्या पोटात निराळीच कळ उठू लागली.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पूर्वी गोलरक्षक गोलकिक घेई ती उंच आणि लांब. चेंडू मधल्या रेषेपलीकडे जाऊन पडे आणि तिथे दोन्हीकडची धट्टीकट्टी माणसे डोकी आपटून घेत. गोलकिकचा चेंडू गोलापुढच्या साडेसोळा मीटरच्या चौकटीबाहेर गेल्याशिवाय खेळता येत नसे. २०१९ साली हा नियम बदलला. किक बसून चेंडू हलला की तो खेळात आला. तेव्हापासून गोलरक्षक अगदी शेजारच्या गड्याला हळूच चेंडू देतो, तो परत गोलरक्षकाला देतो, आणि समोरून प्रतिपक्षाचे दोन-तीन गडी धावत अंगावर येत असताना ही मंडळी आपल्याच उंबरठ्यावर जणू फुगडी घालत असतात. हा निव्वळ वेडेपणा नव्हे. त्याच्यामागे गणित आहे. प्रतिपक्षाचा गोलरक्षक तिकडे लांब उभा असतो, म्हणजे अंगावर येणारे फार तर दहा. आपण मात्र गोलरक्षक धरून अकरा. शिवाय जितके गडी आपल्या अंगावर येतील तितकी त्यांच्या पाठीमागची जागा मोकळी होते. आट्यापाट्यांतला गडी पाटीवाल्याला एका अंगाला ओढून घेतो आणि दुसऱ्या अंगाने निसटतो, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की आट्यापाट्यांत हुलकावणी फसली तर एक गडी बाद होतो. इथे गोल होतो.

आमच्या ओसरीवर हा खेळ पहिल्यांदा पाहिला तेव्हा बप्पा अस्वस्थ झाले. बप्पांनी वीस-बावीस वर्षे ऊसतोडीच्या टोळीची मुकादमी केलेली. आता गुडघे दुखतात म्हणून घरी असतात आणि पाच एकरांत कापूस करतात. फुटबॉलचे नियम त्यांना ठाऊक नव्हते, पण माणसे कशी हलतात हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही.

“नाना,” ते म्हणाले, “ही पोरं माघारी कामून खेळायलेत? तिकडं जायचंय ना?”

मी त्यांना वरचे सगळे गणित समजावून सांगितले. मला एक उपमाही सुचली, आणि ती त्यांच्यासाठी योग्य आहे असे वाटून मी ती पुढे केली. म्हटले, बप्पा, ही धूळपेरणी आहे. पाऊस पडायच्या आधी कोरड्या मातीत बी टाकायचे. मृगाचा पाऊस वेळेवर आला तर आपले पीक शेजाऱ्याच्या आठ-पंधरा दिवस पुढे. त्याला वाफसा मिळेपर्यंत आपली कपाशी वर आलेली. नाही आला तर बी गेले, आणि दुबार पेरणी कपाळी.

बप्पांनी ते लक्षपूर्वक ऐकले. धूळपेरणी त्यांनी स्वतः केलेली आहे, आणि तिच्यापायी एक साल सावकाराची पायरीही चढलेली आहे. थोडा वेळ मोबाईलकडे पाहून ते म्हणाले, “ते खरं. पण बी कुणाचं जातंय ते आधी बघावं लागतं. त्या उभ्या राहिलेल्या सायबाचं जातंय का तुमचं?”

या प्रश्नाने मला पुढे बरेच दिवस पुरवले.

लोबेरांच्या त्या हंगामाचा अंतिम सामना १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याला झाला. महासाथीमुळे तो सारा हंगामच गोव्यात, प्रेक्षकांना मज्जाव करून खेळवला गेला होता. तेव्हा रिकाम्या बाकांपुढे मुंबई आणि एटीके मोहन बागान हे दोन संघ उभे होते. अठराव्या मिनिटाला आमच्या अहमद जाहूने स्वतःच्या गोलासमोर चेंडू पायाशी ठेवला, क्षणभर जास्तच ठेवला, आणि तो हिरावला गेला. डेव्हिड विल्यम्सने गोल केला. बी गेले! ओसरीवर शांतता. बप्पा काही बोलले नाहीत. अनुभवी शेतकरी दुसऱ्याचे बी गेल्यावर बोलत नाही.

यानंतर जे झाले ते मी अनेकदा मनात घोळवले आहे. एकोणतिसाव्या मिनिटाला त्याच जाहूने, फुगडी सोडून, चेंडू सरळ उंच आणि लांब मारला. त्याला अडवायला गेलेल्या तिरी या बागानच्या गड्याच्या डोक्याला लागून तो बागानच्याच जाळ्यात गेला. (हाच तिरी पुढे २०२३ मध्ये मुंबईच्या संघात आला, या खेळात ऋणानुबंध असे असतात.) बरोबरी झाली. पूर्वार्ध सरता सरता अमेय रानवडे हा आपला मराठी मुलगा टक्कर होऊन असा पडला की त्याला रुग्णवाहिकेतून न्यावे लागले, आणि थोडा वेळ गोलाची कुणालाच आठवण राहिली नाही. मग नव्वदावे मिनिट आले. पुन्हा एक लांब चेंडू. बागानचा गोलरक्षक अरिंदम भट्टाचार्य तो घ्यायला पुढे आला, त्याला तो घेता आला नाही, ओग्बेचेने तो पळवला, बिपिन सिंगकडे दिला, आणि बिपिनने तो रिकाम्या गोलात घातला. मुंबई २, बागान १. साखळीतले पहिले स्थान आधीच हाती होते; आता चषकही आला.

सर्व भारतात छोट्या पासांचा आचार्य म्हणून ज्याचा लौकिक, त्याच्या संघाने अंतिम सामन्यात गोल खाल्ला तो छोट्या खेळापायी, आणि दोन गोल मिळवले ते लांब मारलेल्या चेंडूंवर. कुणी म्हणेल, मग त्या पद्धतीत राहिले काय? मला वाटते, बरेच राहिले. नव्वद मिनिटे मागून चेंडू फिरवणारा संघ अवचित लांब मारतो तेव्हाच त्या लांब चेंडूला धार असते. रोज उठून जो लांब मारतो त्याच्या चेंडूची वाट पाहत समोरचा उभा असतो. पण हे सुचायला सामना संपावा लागतो, आणि जिंकलेला असावा लागतो. हरलो असतो तर हेच जाहूचे पाय मी कशाने तोडले असते ते सांगत नाही.

लोबेरांनंतर आलेले डेस बकिंगहॅम हे इंग्रज गृहस्थ. यांच्या काळात शंकेखोरांना काम फार थोडे होते. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये इराकच्या हवाईदलाच्या संघाला २-१ असे हरवून मुंबई हा आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब झाला, आणि विजयी गोल डोक्याने केला तो त्याच राहुल भेकेने, जो मधल्या काळात बेंगळुरू सोडून आपल्या गावच्या संघात आला होता. २०२२-२३ च्या हंगामात वीस सामन्यांत ४६ गुण मिळाले. एवढ्यावरही उपान्त्य फेरीत बेंगळुरूने पेनल्टींवर ९-८ असे बाहेर काढले, तेव्हा ‘पेनल्टींचा सराव का घेत नाहीत’ असे विचारणारे भेटलेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये बकिंगहॅम आपल्या जन्मगावच्या ऑक्सफर्डच्या संघाकडे निघून गेले, आणि डिसेंबरात पेत्र क्रात्की नावाचे चेक गृहस्थ आले.

क्रात्कींनी पद्धत तीच ठेवली. आमची शंकाही तीच राहिली. १५ एप्रिल २०२४ रोजी कोलकात्याला नुसती बरोबरी केली असती तरी साखळीचे पहिले स्थान मिळत होते. आम्ही २-१ असे हरलो. ओसरीवर मी त्यांना त्या रात्री बडतर्फ केले. नऊ दिवसांनी फातोर्ड्याला उपान्त्य सामन्यात नव्वदावे मिनिट लागेपर्यंत गोवा दोन गोलांनी पुढे, आणि मग सहा-सात मिनिटांत मुंबईचे तीन गोल. मी त्यांना पुन्हा नेमणुकीचे पत्र दिले. ४ मे रोजी पुन्हा कोलकाता, पुन्हा मोहन बागान, या वेळी अंतिम सामना. पहिला गोल बागानच्या कमिंग्सचा. मग पेरेरा डियाझने बरोबरी केली आणि पुढचे दोन गोल बिपिन सिंग व वोयतुस या दोघांनी केले. दोघेही बाकावरून उठवून आत पाठवलेले. ३-१. चषक उचलला तो कर्णधार राहुल भेकेने. बाकावरून उठवलेला मनुष्य गोल करतो तेव्हा तो गोल निम्मा मॅनेजरच्या नावावर मांडावा, असे माझे मत आहे. मात्र मग बाकावरून उठवलेल्याने चुकवलेला गोलही त्याच्या खाती मांडावा लागेल. तो कुणी मांडत नाही, कारण त्याला पुरावा नसतो.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. त्या उन्हाळ्यात संघ फुटला. मध्यभागी खेळणारा अपुइया मोहन बागानकडे गेला. नोगेरा, पेरेरा डियाझ आणि खुद्द कर्णधार भेके, तिघेही बेंगळुरूकडे गेले. मागून चेंडू खेळवत आणायचा तर तो घ्यायला एक शांत डोक्याचा मागचा गडी लागतो, मध्ये पाठीवर माणूस असताना वळणारा एक लागतो आणि पुढे तो धरून ठेवणारा एक लागतो. गेले ते नेमके हेच. आणि २०२४-२५ च्या हंगामात क्रात्कींनी पेरणी केली ती मात्र कोरड्या मातीतच.

बप्पांना मी हे सांगितले तेव्हा त्यांना उपमेची गरज पडली नाही. हा त्यांच्या धंद्यातलाच मामला होता. ज्यांना ठाऊक नसेल त्यांना सांगतो: ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून दोन माणसे. मुकादम कारखान्याकडून रक्कम घेतो आणि एकेका कोयत्याला उचल देऊन टोळी बांधतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या तालुक्यातली गावेच्या गावे ट्रकांत बसून निघून जातात ती अशा टोळ्यांनी. दुसऱ्या मुकादमाने जास्त उचल दिली की चांगले कोयते तिकडे जातात. त्यात रागावण्यासारखे काही नसते, पोट सगळ्यांनाच आहे.

बप्पा म्हणाले, “कोयते गेले की कारखान्यावर जाऊन सांगायचं असतं, औंदा एवढं टन होणार नाही. आन् ऊस बी तसा घ्यायचा. पडलेला, गुतलेला फड घ्यायचा नाही. तुमच्या सायबानं काय केलं?”

मी म्हणालो, “त्यांनी गेल्या वर्षीचाच फड घेतला.”

माझी शंका जर कुठे एका जागी येऊन उभी राहत असेल तर ती इथे. पद्धत चांगली की वाईट, धाडस की भित्रेपणा, हा वाद मला आताशा पोकळ वाटतो. कोस्टांनी आपल्या माणसांकडे पाहून मागे उभे राहणे पत्करले. लोबेरांनी आपल्या पद्धतीला लागणारी माणसे बरोबर घेऊनच पाऊल टाकले. दोघेही आपापल्या परीने शहाणे. पण माणसे बदलली आणि मांडणी बदलली नाही, तर तिला निष्ठा म्हणावे की हट्ट? क्रात्कींच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, नाही असे नाही. नव्या मुलांना ती पद्धत यायची तर ती खेळतच यायची. चालू हंगामात दर पंधरवड्याला रीत बदलणाऱ्या संघाला कुठलीच रीत येत नाही. शिवाय गडी कुणी राखले नाहीत याचा जाब मॅनेजरला विचारावा की तिजोरीच्या किल्ल्या ज्यांच्याकडे आहेत त्यांना, हाही प्रश्न आहेच. इतके सगळे मनाशी कबूल केले तरी माझे समाधान होत नाही.

हंगाम रखडत गेला, बरोबऱ्यांमागून बरोबऱ्या. सहावी जागा मिळाली तरच पुढची फेरी, अशी पाळी आली. ११ मार्च २०२५ रोजी बेंगळुरूच्या कांतीरवा मैदानावर साखळीतला शेवटचा सामना होता आणि तो मुंबईने २-० असा जिंकला. छांगटे त्या दिवशी असा धावत होता की मला अंधेरीचे दिवस आठवले. सहावी जागा मिळाली. आणि आता बाद फेरीचा सामना कुणाशी? बेंगळुरूशीच. कुठे? कांतीरवावरच. अठरा दिवसांचे अंतर. मैदान तेच, संघ तेच, मॅनेजर तोच, पद्धत तीच. २९ मार्चला आम्ही ५-० असे हरलो. नवव्या मिनिटाला सुरेश सिंगने पहिला गोल केला, पुढे सुनील छेत्रीनेही केला, जो कधी काळी मुंबईच्याच सदऱ्यात खेळला होता. आणि पाचवा केला पेरेरा डियाझने. वर्षभरापूर्वी कोलकात्याला आमच्यासाठी बरोबरीचा गोल करणारा हाच मनुष्य. कोयते ज्याच्याकडे गेले त्याच्याच फडात आमची टोळी मोजली गेली.

त्या अठरा दिवसांचे कोडे मला अजून उलगडलेले नाही. २-० ला शहाणा असलेला मनुष्य अठरा दिवसांत पाच गोलांइतका मूर्ख कसा होईल? झाला नसणारच. मग ११ तारखेचे श्रेय मी त्याला दिले ते कशाबद्दल? पावसाच्या दिवशी पेरणाऱ्याला आपण हुशार म्हणतो. तो हुशार असतोही कदाचित. पण त्या दिवशी पाऊस पडला होता, ही गोष्ट उरतेच.

आता बप्पांचा प्रश्न. बी कुणाचे? त्यांचे म्हणणे वरवर पाहता बिनतोड आहे. मॅनेजरची भाकरी पणाला लागलेली असते आणि माझी फार तर झोप. पण मी मोजून पाहिले. २०१४ पासून २०२३ च्या अखेरपर्यंत, हंगामी माणूस सोडून, या क्लबाला सात मॅनेजर झाले. त्यांतले कुणी इथून गेल्यावर पेरायचे थांबले असे नाही. बकिंगहॅम गेले आणि सहा महिन्यांत ऑक्सफर्डला वरच्या श्रेणीत घेऊन गेले. भेके दोनदा बेंगळुरूचा झाला. मालकीसुद्धा बदलते, २०१९ साली मँचेस्टरच्या मंडळींनी या क्लबाचा मोठा हिस्सा घेतलाच होता. ज्याला दुसरे रान नाही असा या सगळ्यांत एकच मनुष्य सापडतो, आणि तो रेषेच्या पार बाहेर बसलेला असतो. त्याचा हा एकच जिरायती तुकडा. मुंबई हरली म्हणून मी उद्यापासून बेंगळुरूचा होऊ शकत नाही. प्रयत्न करून पाहिला तरी जमणार नाही. एवढा जिचा तुकडा अडकलेला आहे तिची शंका अगदीच फुकटची म्हणता येणार नाही, असे मी बप्पांना सांगितले.

“म्हंजी तुम्ही वाटेकरी,” बप्पा म्हणाले.

“तसंच काहीतरी.”

“मग वाटेकऱ्याला पेरायच्या आधी इचारतात. तुम्हाला कुणी इचारतं का?”

मी गप्प बसलो. नातवाने मोबाईल चार्जिंगला लावला. थोड्या वेळाने बप्पांनीच विचारले की त्या सायबाला ठेवला की काढला. पुढे मे-जूनमध्ये चौकशी करून मी त्यांना सांगितले की ठेवला आहे. तेव्हा ते बांधावर उभे होते. मृग तोंडावर आला होता आणि रान नांगरून तयार होते. त्यांनी आकाशाकडे एकदा पाहिले आणि मला विचारले, “औंदा कोयते कोणते आणलेत म्हणं?”